घारापुरीचा गोटा

सहलीची वर्गणी मागितली तेव्हा बाबा म्हणाले, "तिथं का हाय पाहाले? गोटेच त हाय!" वावरातले गोटे वेचून धुऱ्यावर टाकण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांचा प्रश्न रास्त होता. तरी वर्गणी मिळाली.

गेटवे ऑफ इंडियाहून लाँच निघाली, की सुमारे तासाभराने घारापुरी बेट येते. खाली चिखलात खारफुटी, वर दाट झाडीच्या दोन टेकड्या. हे बेट स्वतः ज्वालामुखी नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस उसळला आणि थरांवर थर साचून काळा बसाल्ट बनला. त्याच खडकाचा हा समुद्राने वेढलेला तुकडा. त्या विशाल पसाऱ्याच्या पूर्वेकडील भागात आपले हिंगणघाट आहे. आपली कपाशीची काळी जमीन हा त्याच खडकाचा झिजून झालेला भुगा होय.

येथील मुख्य लेणे सहाव्या शतकातील मानतात. ते बांधलेले नाही, डोंगर पोखरून काढलेले आहे. खांब उभारले नाहीत. भोवतालचा दगड काढून तेवढे राखून ठेवले. एक घाव चुकला तर दगड पुन्हा जोडता येत नाही! आत सुमारे वीस फूट उंचीचा सदाशिव आहे. मधले मुख शांत, एका बाजूचे उग्र, दुसऱ्या बाजूचे स्त्रीसारखे कोमल. शेजारी अर्धनारीश्वर व गंगाधर. पोर्तुगीज काळात बऱ्याच मूर्ती भंगल्या. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले, तो आज मुंबईच्या राणीच्या बागेत आहे.

१९८७ साली या लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पण बेटावरील गावांत कायमची वीज आली ती २०१८ साली. जगाने दगडाची दखल घेतल्यावर माणसांना एकतीस वर्षे थांबावे लागले, हे मनाला लागले.

घरी आल्यावर सांगितले, "बाबा, तो आपल्याच वावरातला गोटा आहे." कोरणाऱ्यांची नावे तेथे कोठेच लिहिलेली नाहीत, हेही सांगितले. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे तेही आपल्यावानीच राबले असतीन."

इतिहासाच्या पुस्तकात राजे पुष्कळ भेटतात. राबणारे मला प्रथम भेटले ते घारापुरीला. मित्रमैत्रिणींनो, अवश्य जा; मात्र सोमवारी लेणी बंद असतात.