मंद आचेवरचा इश्टू

आमच्याकडे पावसाळी दिवशी इश्टू शिजतो. नाव ‘स्ट्यू’वरून आलेलं, चव इथली. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे आता भांड्यात म्हशीचं मांस असतं.

पोटरीचं मांस घ्यावं. ते स्वस्त, पण चिवट. हा चिवटपणा कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा. मोठ्या आचेवर मांस आक्रसतं, कोरडं होतं. मंद, ओलसर उष्णतेत मात्र, साधारण ७० अंशांपुढे, कोलॅजेनचं हळूहळू जिलेटिन होतं. मांस मऊ पडतं, रस्सा दाटतो.

किलोभर मांसाला पाऊण किलो उभा चिरलेला कांदा, आलं-लसूण, वाटीभर दही, अख्खा गरम मसाला आणि दहा-बारा सुक्या मिरच्या. कांदा गुलाबी झाला की मांस परतावं, दही घालावं, जेमतेम पाणी ओतून झाकण लावावं. अधूनमधून हलवत तीन तास शिजवावं. जनावर वयस्क असेल तर आणखी वेळ द्यावा. अम्मी सांगायची, “बोटानं तुटलं की झालं.”

मंडळी, बकऱ्याचं मटण ज्यांना परवडत नाही, त्या घरांत पाहुण्याचा मान हेच भांडं राखतं.