मन ओळखू या – भाग ६ : आपलं उत्तर आणि घरच्यांचं उत्तर

२०१६ साली राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने दहावीच्या मुलांची कल चाचणी घ्यायला सुरुवात केली. धामणगाव बढे असो की दादर, प्रश्न सगळ्यांना सारखेच. गावाकडच्या कितीतरी मुलांनी आयुष्यात दिलेली ती पहिली मानसशास्त्रीय चाचणी. पुढे ती बंद झाली, पण तिचा अहवाल ज्यांच्या घरात आला त्यातल्या अनेकांनी तो निकालासारखा वाचला. ‘पोराचा कल कृषीकडे आहे’ म्हटलं की विषय संपला! कल म्हणजे ओढ. आज ओढ वाटणं वेगळं, ते काम जमणं वेगळं आणि त्यावर पोट चालणं आणखी वेगळं. अहवालातून बोलणं सुरू व्हायला हवं होतं, तिथे ते थांबलं.

आता चाचण्या मोबाइलवर आल्या आहेत. दहा प्रश्नांत स्वभाव, पाच मिनिटांत व्यक्तिमत्त्व. निकाल वाचून आपण म्हणतो, ‘अगदी माझंच वर्णन!’ इथेच सावध व्हायला हवं. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. ते किती जुळतं यासाठी मुलांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, तोही बराचसा बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. ‘बाहेरून खंबीर दिसता, पण आतून काळजी करता’ हे वाक्य कुणाला लागू पडत नाही? म्हणून ‘पटलं’ ही चाचणी खरी असल्याची खूण नव्हे.

मग चाचण्या सोडूनच द्यायच्या का? मुळीच नाही. चांगली चाचणी तुम्हाला एका साच्यात बसवत नाही, मोजमाप देते. मानसशास्त्रज्ञ लुईस गोल्डबर्ग यांची पाच स्वभावगुणांची, पन्नास विधानांची प्रश्नावली सर्वांसाठी मोफत खुली आहे. एकेका स्वभावगुणाची दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. काही विधानं मुद्दाम उलटी असतात. ‘वस्तू जागेवर ठेवायला विसरतो’ याला तुम्ही ५ दिले, तर व्यवस्थितपणाच्या बेरजेत १ धरायचा. डोळे मिटून सगळीकडे ‘होय’ म्हणत गेलं तर त्याचा आपोआप फायदा होऊ नये, म्हणून ही व्यवस्था.

प्रश्न आपल्या जगण्यातले आहेत का, हेही बघायला हवं. ‘पार्टीत मी रंग भरतो’ हे विधान आपल्याकडच्या माणसाला कसं लागू करायचं? त्याने विचार करावा तो लग्नाच्या पंगतीचा, पारावरच्या बैठकीचा, कापूस वेचणीच्या वेळच्या गप्पांचा. व्ही. व्ही. कामत यांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९३० च्या दशकात त्यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्याने बेतली. ‘बिने-कामत’ हे नाव आजही तपासणीच्या खोल्यांत ऐकू येतं. माप बाहेरून आलं तरी ते इथल्या माणसावर बसवून घ्यावं लागतं.

गेल्या महिन्यात मी गोल्डबर्ग यांच्या प्रश्नावलीतली व्यवस्थितपणाची दहा विधानं वहीत उतरून काढली आणि माझे गुण लिहिले. पान झाकून तीच विधानं बायकोला वाचून दाखवली, ‘माझ्याबद्दल तू सांग’ म्हणालो. ‘काम लगेच उरकतो’ याला मी स्वतःला ४ दिले होते. तिने २ दिले आणि खिडकीकडे बोट दाखवलं. मोटरचं स्टार्टर दुरुस्त करायला काढलेला पाना आठ दिवस खिडकीत पडून होता. त्याच्याखाली वीजबिल. मी जे लिहिलं ते खोटं नव्हतं. शाळेतली कामं मी खरंच वेळेवर करतो, आणि उत्तर देताना माझ्या डोळ्यांपुढे शाळाच होती. तिच्या डोळ्यांपुढे घर होतं. दोन आकड्यांमधल्या त्या फरकाने मला माझ्याबद्दल जे सांगितलं, ते दहा गुणांच्या बेरजेने सांगितलं नसतं. वेळेची शिस्त हा माझा स्वभाव आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. ती घंटेची सवय निघाली. घरी घंटा नाही.

तेव्हापासून कालनिर्णयच्या चौकोनात रोज रात्री पेन्सिलने खूण करतो आहे. काढलेली वस्तू जागेवर गेली तर बरोबर, नाही तर फुली. वीस दिवसांत अकरा फुल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच बाजाराच्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन आठवड्यांची अशी नोंद कुठल्याही स्वभावचाचणीपेक्षा मी अधिक भरवशाची मानतो.

एका चाचणीबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. पीएचक्यू-९ ही स्वभावाची नव्हे, उदासीची चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, कमाल बेरीज २७. १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना दाखवायचं, घरच्या घरी निदान करायचं नाही. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज कितीही कमी असू द्या, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. आपल्या विदर्भात नापिकीच्या आणि कर्जाच्या वर्षांत किती घरं याच एका न विचारलेल्या प्रश्नावर उद्ध्वस्त झाली, हे आपण पाहिलं आहे. घरातला माणूस गप्प झाला असेल, जेवण टाळत असेल, रात्र रात्र जागत असेल, तर त्याने चाचणी भरण्याची वाट पाहू नका, तुम्हीच विचारा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.