वळवलेल्या पाण्यावर

"आजोबा, पाणी कधी येणार?"

नववीतल्या नातवाने पाचव्यांदा विचारलं, तेव्हा आम्ही कोलाडजवळ कुंडलिकेच्या काठी हेल्मेट आणि लाइफ जॅकेट चढवून बसलो होतो. समोर नदी होती, म्हणजे धोंडे होते आणि त्यांतून वाहणारी बारीक धार. अडुसष्टाव्या वर्षी त्या केशरी जॅकेटात मी बँडवाल्यासारखा दिसत होतो, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत.

इथलं राफ्टिंग पावसावर नव्हे, विजेच्या वेळापत्रकावर चालतं. वर घाटमाथ्यावर मुळशीचं धरण. तिथलं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला उतरतं, १९२७ पासून तिथे वीज करतं आणि मग कुंडलिकेच्या खोऱ्यात येतं. सकाळी ते सोडलं की राफ्ट निघतात. मुळेची मूळची वाट पूर्वेची. पुण्यात मुठेला भेटून भीमेत, पुढे कृष्णेत आणि थेट बंगालच्या उपसागरात. धरणाने तिचं पाणी अरबी समुद्राकडे फिरवलं.

माझं घोडं इथेच अडत होतं. माझ्या आजोबांचं घर त्या धरणाच्या पाण्याखाली आहे. १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, पुढे सेनापती बापटांनी तो लढवला, तेव्हा आजोबा अकरा वर्षांचे. भरपाई आली ती सावकाराच्या वहीत जिरली. मी तीस वर्षं कर्जाच्या फायली चाळल्या, पण इतकी चोख वसुली पाहिली नाही! आजोबा पुढे पुण्यात हमाली करत राहिले. मुळशीला पुन्हा गेले नाहीत, आम्हालाही नेलं नाही. नातवाच्या हट्टाला मी वर्षभर "पाहू" म्हणत होतो, ते त्यामुळे.

आधी आवाज आला. मग बघता बघता धोंडे दिसेनासे झाले.

"फॉरवर्ड!" गाईड ओरडला. पहिल्याच उसळीला पाणी नाकातोंडात गेलं. नातू किंचाळत होता, हसत होता. आणि खरं सांगतो, मीही हसत होतो.

संथ पट्ट्यात त्याने विचारलं, "एवढं पाणी येतं कुठून?"

"तुझ्या खापरपणजोबांच्या अंगणातून," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

तो वल्हं मांडीवर घेऊन गप्प बसला. मग म्हणाला, "तिथे जाता येतं?"

मे महिन्यात, पाणी उतरल्यावर, जायचं ठरलं आहे. आजोबांना हे आवडलं असतं का, कुणास ठाऊक.