गाड्यापुढची घोडी

जुन्नर-आंबेगावात जत्रा म्हटली की घाट आलाच. बैलगाडे पळवायची चढाची धावपट्टी म्हणजे घाट आणि एका गाड्याची धाव म्हणजे बारी. निमगाव साव्यापासून बेल्ह्यापर्यंत आणि तिकडे मंचर-घोडेगावापर्यंत कुणालाही विचारा, नावाजलेले बैल तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. घोडीचं नाव विचारलं की मात्र अडखळेल. २०११ ते २०२३ या बारा वर्षांकडे वळून पाहताना मला तिच्याबद्दलच लिहावंसं वाटतं. बंदी, आंदोलनं, कोर्टकचेरी या धामधुमीत तिची आठवण फारशी कुणी काढली नाही.

आमच्याकडे गाड्याला चार बैल जुंपतात आणि त्यांच्या पुढे स्वारासह घोडी पळते. याला घोडी धरणं म्हणतात. बारी सुटायच्या आधी खाली जाऊन पाहावं. जुकाटाखाली बैल आवरत नसतात, गडी वेसणीला लोंबकळलेले, अंगावर भंडारा, वर भोंग्यावर निवेदकाचा आवाज चढत चाललेला. घोडीचं तोंड घाटाकडे, कान मात्र मागे वळलेले. बैलांनी उचल खाल्ली की स्वाराच्या टाचेची वाट न पाहता ती निघते. फार पुढे गेली तर बैलांचं लक्ष उडतं, फार मागे रेंगाळली तर शिंगं तिच्या मांड्यांना भिडतात. तेवढं अंतर राखून ११-१२ सेकंदांत चढ संपवायचा आणि निशाण पडलं की उधळत येणाऱ्या गाड्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं. हे सगळ्याच घोड्यांना जमत नाही. बैलाच्या धडकेला एकदा भ्यालेली घोडी पुन्हा घाटात उभी करणं फार अवघड.

११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली. वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबट्या यांच्या पंगतीला तिने बैल बसवला, म्हणजे त्याचे खेळ करायला आणि त्यासाठी त्याला शिकवायला मनाई झाली. घोडी त्या यादीत नव्हती. पण बैलच थांबले तर तिने कुणापुढे पळायचं? मधे थोडी मोकळीक मिळाली, तोच ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. २०१६च्या जानेवारीत निघालेल्या नव्या अधिसूचनेला काही दिवसांतच स्थगिती मिळाली. २०१७ साली महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी द्यायला मज्जाव केला.

त्या वर्षांत बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात शर्यतीचे खिलार बैल साध्या औताच्या भावात मागितले जात. लोक हळहळत, ते बैलासाठी. बैलाला निदान शेत होतं. घोडीला औत नाही, दूध नाही आणि खुराक तर रोजचा. कुणाची वरातीला गेली, कुणाची विकली गेली. ज्यांनी तरीही दावणीला ठेवली, त्यांनी ती निव्वळ मायेपोटी सांभाळली, हे मला फार मोठं वाटतं. सात वर्षांत तरणी घोडी उतरणीला लागते. तिची उमेदीची वर्षं गोठ्यात उभ्यानेच गेली.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात, २०२२च्या माघी पौर्णिमेला, खेडमधल्या निमगाव दावडीच्या खंडोबाच्या घाटात खासदार डॉ. अमोल कोल्हे यांनी बारीपुढे घोडी धरली. निवडणुकीत दिलेला शब्द होता तो. त्या दिवशी घोडी वर्तमानपत्रात आली, तीही स्वारामुळे.

आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या रेसकोर्सवर, जातिवंत घोड्यांची वंशावळ राखणारं स्टड बुकचं कार्यालय आहे. आईबापापासून प्रत्येक शिंगराची तिथे नोंद. १९४३ची पहिली इंडियन डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या फिलीने जिंकली, हे आज ऐंशी वर्षांनंतरही छातीठोकपणे सांगता येतं, ते अशा नोंदी ठेवल्या म्हणून. आमच्या घाटात इनामाच्या फलकावर नाव लागतं ते गाडामालकाचं.

खरं तर आता तिची किंमत वाढायला हवी. काठी, चाबूक, विजेचा झटका या सगळ्याला बंदी आहे. न मारता बैल पळतो असं आपण कोर्टाला सांगितलं. तो पळतो यात घोडीचा वाटा मोठा आहे. आणि बैल एक बारी मारून विसाव्याला गेला, तरी चांगली घोडी दुसऱ्या गाड्यापुढे पुन्हा उभी केली जाते. यात्रा कमिट्यांनी यंदापासून घड्याळाच्या वहीत वेळेशेजारी घोडीचं नाव आणि तिची त्या दिवसाची कितवी बारी, एवढं लिहावं. म्हणजे बारी कुणाच्या मागे बसली ते कळेल आणि दमलेली घोडी पुन्हा खाली नेताना कुणीतरी अडवेल.