कानाकडे कानाडोळा नको : श्रवणदोष ओळखा, तपासणी करून घ्या

‘बहिरा’ हा शब्द आपल्या वस्तीत फार सहज वापरला जातो. हाक मारली तरी वळून न पाहणारे आजोबा बहिरे. कान वाहतो म्हणून वर्गात मागे पडलेली मुलगी बहिरी. ब्रेकरवर दहा वर्षे काम केलेला बांधकाम मजूर बहिरा. दोन वर्षांचे झाले तरी ‘आई’ न म्हणणारे बाळही बहिरे. चौघांना शब्द एकच, पण दोष वेगळा आणि उपायही वेगळा. एखाद्याच्या कानातला मळ काढला की दहा मिनिटांत प्रश्न सुटतो. एखाद्याला शस्त्रक्रिया लागते, तर एखाद्याला श्रवणयंत्र. बाळाच्या बाबतीत उशीर झाला, तर बोलणे शिकण्याचा काळच हातातून निघून जातो. कोणाचे काय बिघडले आहे हे अंदाजाने कळत नाही, तपासणीने कळते.

हा विषय चांदे गावासारख्या ठिकाणी जास्तच महत्त्वाचा आहे. मुळशी तालुक्यातील चांदे, नांदे, लवळे, सूस, माण हा पट्टा हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असल्याने झपाट्याने बदलतो आहे. शेतीच्या जागी इमारती येत आहेत आणि त्या बांधणाऱ्या मजुरांचा दिवस ब्रेकर, ड्रिल, फरशी कापण्याचे यंत्र, काँक्रीट मिक्सर यांच्या आवाजात जातो. त्या हातांमध्ये आपल्या समाजाचे हात किती आहेत, हे वेगळे सांगायला नको. इमारत पूर्ण होते आणि मजूर पुढच्या साइटवर जातो. त्याचे कान मात्र कोणी तपासत नाही.

धम्मात ऐकण्याला मोठे स्थान आहे. प्रज्ञेची पहिली पायरी श्रुतमय प्रज्ञा, त्यानंतर चिंतनमय आणि भावनामय. ‘श्रावक’ म्हणजे ऐकणारा. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदाने आपण ऐकलेली सुत्ते सांगितली. परंपरा त्याला बहुश्रुत म्हणते. पुढे काही शतके धम्म कानांनीच सांभाळला. अशा परंपरेतील कार्यकर्त्यांना कानाची प्राथमिक माहिती असायलाच हवी.

कान ऐकतो कसा?

कानाचे तीन भाग असतात. बाह्यकर्णात कानाची पाळी आणि कर्णनलिका येते. तिच्या टोकाला कानाचा पडदा असतो. पडद्यामागे मध्यकर्ण ही हवेने भरलेली छोटी पोकळी असते. तिथे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशा आकाराच्या तीन हाडांची साखळी असते. रिकीब हे मानवी शरीरातले सर्वांत लहान हाड. पडद्याची थरथर ही साखळी पुढे आंतरकर्णात पोहोचवते. आंतरकर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी आहे, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यातल्या सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी त्या थरथरीचे विद्युतसंदेशात रूपांतर करतात. तो संदेश श्रवणचेतेतून मेंदूकडे जातो आणि मग आपल्याला ‘ऐकू येते’.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पडद्याला पडलेले भोक अनेकदा भरते किंवा शस्त्रक्रियेने बंद करता येते. पण मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

श्रवणदोषाचे मुख्य प्रकार

*वहनदोष* : आवाज आंतरकर्णापर्यंत पोहोचण्याच्या वाटेतच अडतो. कारणे म्हणजे साचलेला मळ, पडद्याला भोक, मध्यकर्णात साठलेले पाणी, वर्षानुवर्षे वाहणारा कान किंवा घट्ट झालेली हाडे. गरीब वस्तीतल्या मुलांमध्ये कान वाहणे फार आढळते आणि ‘मोठा झाला की थांबेल’ म्हणून सोडून दिले जाते. खरे तर हा प्रकार बहुधा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतो. दुर्लक्ष केले तर मात्र संसर्ग आत पसरू शकतो.

*संवेदी-चेतादोष* : वाट मोकळी असते, बिघाड कॉक्लियात किंवा श्रवणचेतेत असतो. वाढते वय, मोठा आवाज, जन्मजात कारणे, गरोदरपणी आईला झालेला रुबेला, नवजात बाळाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, गालगुंड ही त्याची काही कारणे. काही औषधेही कानाला घातक ठरतात. क्षयरोगावर दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन आणि पूर्वी दिले जाणारे कॅनामायसिन ही इंजेक्शने त्यातलीच. अशी इंजेक्शने चालू असताना कानात शिट्टी वाजल्यासारखे वाटले, तर डॉक्टरांना लगेच सांगावे. हा दोष बहुतेक वेळा कायमचा असतो. त्यावर श्रवणयंत्र आणि अतितीव्र दोषात कॉक्लियर इम्प्लांट हे उपाय आहेत.

*मिश्रदोष* : वरचे दोन्ही एकत्र. वाहत्या कानाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झालेल्या माणसाचे वय वाढले की असे चित्र दिसते.

याशिवाय काहींना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. तिथे चेता किंवा मेंदूकडे जाणाऱ्या मार्गात दोष असू शकतो.

एक प्रसंग तातडीचा समजावा. सकाळी उठल्यावर किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ‘सर्दी असेल’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. पहिल्या काही दिवसांत उपचार मिळाले तर ऐकणे परत येण्याची शक्यता जास्त असते.

तपासणीत काय करतात?

आधी डॉक्टर विचारपूस करतात. दोष कधीपासून आहे, एका कानाला की दोन्ही, कान वाहतो का, चक्कर येते का, काम कशाचे, घरात आणखी कोणाला त्रास आहे का. मग ऑटोस्कोप या प्रकाश असलेल्या उपकरणाने कर्णनलिका आणि पडदा पाहतात. मळ, भोक, सूज इथेच दिसते.

त्यानंतर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवल्यावर थरथरणारा धातूचा चिमटा. तो कानासमोर आणि कानामागच्या हाडावर ठेवतात. निरोगी कानाला तो समोर धरल्यावर जास्त ऐकू येतो. हाडावर ठेवल्यावर जास्त ऐकू आला, तर वहनदोषाचा संशय घेतात. दोन मिनिटांच्या या चाचणीला वीजही लागत नाही.

मुख्य चाचणी ऑडिओमेट्री. शांत खोलीत हेडफोन लावून बारीक-मोठे, घोगरे-चिरके असे वेगवेगळे सूर ऐकवतात. सूर ऐकू आला की बोट वर करायचे. नंतर कानामागच्या हाडावर कंपक लावून हीच चाचणी पुन्हा घेतात. हवेतून कमी पण हाडातून नीट ऐकू आले, तर वहनदोष. दोन्हीकडून सारखेच कमी, तर संवेदी-चेतादोष. हाडातूनही कमी आणि हवेतून त्याहून कमी, तर मिश्रदोष.

याच्या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात. त्यात उजव्या कानासाठी लाल गोल आणि डाव्यासाठी निळी फुली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार २० डेसिबलच्या आतला आवाज ऐकू येणे सामान्य आहे. २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र दोष. आवाजाने बिघडलेल्या कानाचा आलेख बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास खाली खचलेला दिसतो.

टिंपॅनोमेट्रीत पडद्याची हालचाल आणि त्यामागचे पाणी कळते. बोट वर करू न शकणाऱ्या बाळासाठी ओएई आणि बेरा या चाचण्या आहेत. ओएईत कॉक्लियाकडून उलट येणारा अगदी क्षीण आवाज टिपतात. बेरामध्ये झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा लावून आवाजाला मिळणारा चेतांचा प्रतिसाद मोजतात. दोन्ही चाचण्यांत बाळाला दुखत नाही.

आजाराचे निदान आणि औषधोपचार कान-नाक-घसा तज्ज्ञ करतात. ऐकण्याचे मोजमाप, यंत्र बसवणे आणि पुनर्वसन हे ऑडिओलॉजिस्टचे काम. म्हणून थेट दुकानातून यंत्र घेऊ नये. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आपल्याला चालत नाही, तसेच हेही.

बाळासाठी १-३-६

जगभर पाळला जाणारा साधा नियम असा : पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. भाषा शिकण्यासाठी मेंदूची पहिली तीन वर्षे फार मोलाची असतात. जन्मजात कर्णबधिर मुलाला बोलता येत नाही ते घशात दोष असतो म्हणून नव्हे, भाषा कानावर पडत नाही म्हणून. ‘याचे काकाही उशिरा बोलले’ असे म्हणणाऱ्या घराला ही गोष्ट शांतपणे समजावणे, हे कार्यकर्त्याचे काम आहे. आईबापांना दोष देऊ नये आणि मागच्या जन्मीच्या कर्माच्या गप्पा तर मुळीच नकोत.

मिरवणूक आणि आपले कान

आता आपल्या घरचा विषय. आवाजाची मात्रा डेसिबलमध्ये मोजतात आणि दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. आवाज १०० डेसिबलच्या घरात गेला की ही मर्यादा आठवड्याला साधारण २० मिनिटांवर येते. मोठ्या डीजेच्या भिंतीसमोर १०० डेसिबल सहज ओलांडले जातात आणि आपली मिरवणूक चार-पाच तास चालते. गाडीवर बसलेले लहान मूल, ढकलगाडीतले बाळ, भिंतीला टेकून उभा असलेला ऑपरेटर यांचे काय होत असेल, ते या हिशेबातून कळावे.

‘बाकीच्यांच्या मिरवणुकीत वाजतो, मग आम्हालाच उपदेश का?’ हा प्रश्न रास्त आहे. नियमांचा बडगा सगळ्यांवर सारखा पडत नाही, हेही आपण पाहतो. पण मिरवणूक कोणाची आहे, हे केसपेशीला कळत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे नियम सर्वांना लागू व्हावेत असे ठामपणे म्हणायचे असेल, तर सुरुवात आपल्यापासून केल्याने आपला आवाज अधिक वजनदार होतो. जयंतीला अठरा तास अभ्यास आणि वही-पेन यांसारखे उपक्रम राबवणाऱ्या तरुणांना हे अवघड नाही.

हक्क आणि सोयी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतात सुमारे ६.३ कोटी लोकांना लक्षणीय श्रवणदोष आहे. २०११ च्या जनगणनेत श्रवणदिव्यांग म्हणून नोंद मात्र सुमारे ५० लाखांची. दोन्हीकडच्या व्याख्या वेगळ्या आहेत, तरी तपासणीपासून आणि नोंदीपासून दूर राहिलेल्यांची संख्या मोठी असणार, हे उघड आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल दोष असणारी व्यक्ती कर्णबधिर, तर ६० ते ७० डेसिबल दोष असणारी ऐकण्यास कठीण जाणारी मानली जाते. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण असून त्यातला १ टक्का या दोन गटांसाठी आहे. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागते. केंद्राच्या एडीप योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर श्रवणयंत्रे मिळतात. जन्मजात कर्णबधिर मुलांना पाच वर्षांच्या आत कॉक्लियर इम्प्लांटसाठीही मदत मिळते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत तपासणी होते. चांद्यासारख्या गावातून पुढच्या तपासणीसाठी औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय ही सरकारी ठिकाणे आहेत. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात काम करते.

बारावी विज्ञान झालेल्यांनी आणखी एक वाट ध्यानात घ्यावी. ऑडिओलॉजी आणि वाचा-उपचार हा इंटर्नशिपसह चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. मुंबईत अली यावर जंग संस्थेत आणि नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात, तसेच पुण्यात भारती विद्यापीठात तो शिकवला जातो.

विहारातून काय करता येईल?

वर्षावासात किंवा ३ मार्चच्या जागतिक श्रवण दिनी विहारात कानतपासणी शिबिर घ्यावे. आशाताईंना सोबत घेऊन वस्तीतल्या बाळांची यादी करावी आणि आवाजाला न दचकणारे, हाकेला न वळणारे बाळ थेट रुग्णालयात न्यावे. मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांना कानातले बोळे किंवा इअरमफ मिळावेत म्हणून ठेकेदाराकडे आग्रह धरावा. आवाजामुळे येणारा श्रवणदोष हा व्यावसायिक आजार आहे, हे कामगार कायद्यांनी मान्य केले आहे. कानात गरम तेल, काडी, पिन घालू नये आणि रस्त्यावरच्या कान कोरणाऱ्याकडे बसू नये, हे घरोघरी सांगावे.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही धम्म हवा आहे. प्रवचनात त्यांना पुढची जागा द्यावी, मुख्य मुद्दे फळ्यावर लिहावेत, तोंड दिसेल असे समोर बसून बोलावे. भारतीय सांकेतिक भाषा जाणणारे कोणी असेल, तर त्याला कार्यक्रमाला बोलवावे. आणि ‘बहिऱ्या’ म्हणून हाक मारणे आजपासून बंद करावे. समतेची भाषा बोलणाऱ्या वस्तीत माणसाला त्याच्या नावाने हाक मारली जावी, आणि ती त्याला ऐकू येत नसेल तर का, हे आपण शोधून काढावे.

जय भीम! नमो बुद्धाय!