निळी नळी

जुन्या पोर्श ९११ चा विषय निघाला की बोलणं इंजिनावरच येऊन थांबतं. मला मात्र या गाडीत सगळ्यात आधी बघावीशी वाटते ती पुढच्या डिकीतली ब्रेक ऑइलची टाकी आणि तिच्यातून खाली उतरणारी, कापडी विणीची निळी नळी.

१९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या क्रमांकाने लोकांसमोर आली. तिचं इंजिन मागे, त्यामुळे डिकी पुढे. टाकी या डिकीत आणि मास्टर सिलिंडर खाली, पेडलच्या बाजूला. दोघांना जोडते ती ही नळी. १९६८ च्या मॉडेलपासून मास्टर सिलिंडर दुहेरी झाला, एक भाग पुढच्या चाकांसाठी, दुसरा मागच्या. अमेरिकेत त्याच वर्षी ही दुहेरी व्यवस्था सक्तीची झाली होती.

नळीत दाब नसतो, ऑइल आपल्या वजनानेच खाली उतरतं. म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. वरची वीण वर्षानुवर्षं शाबूत दिसते, आतलं रबर मात्र कडक होऊन तडकतं, आणि तेही आधी टोकाशी, जिथे ते निप्पलवर ताणून बसवलेलं असतं. तिथे बोट फिरवलं आणि ओलं लागलं, तर नळी संपली. झिरपलेलं ऑइल रंग उठवतं, उघड्या पडलेल्या पत्र्याला मग गंज धरतो.

नळी बदलताना ओढू नये. टाकीचं प्लॅस्टिक पिवळं पडून ठिसूळ झालेलं असतं, निप्पल मोडून हातात येतं. नळी उभी चिरून काढावी, पण पात्याचा ओरखडा निप्पलवर उठू देऊ नये. नवीचं टोक ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून चढवावं. ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात नको, त्यांनी ब्रेकचं रबर फुगतं.

चाकांजवळच्या होजचं दुखणं वेगळं. त्यांच्यात दाब प्रचंड. आतली भिंत सुजली की पेडलच्या जोरावर ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. चाक धरून राहतं आणि तापतं. बहुतेक वेळा दोष कॅलिपरवर जातो. चाक जाम असताना आधी होजचं मास्टर सिलिंडरकडचं टोक सैल करून बघावं. तरीही चाक सुटलं नाही आणि कॅलिपरचं हवा काढायचं निप्पल उघडताच सुटलं, तर कॅलिपरला हात लावायचं कारण नाही, होज बदला.

ऑइलही म्हातारं होतं. ते हवेतली ओल ओढून घेतं. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल शिरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर त्याची वाफ झाली की पेडल थेट तळाला जातं. काही जण रंग वाचावा म्हणून सिलिकॉनचं डॉट ५ भरतात. त्यात पाणी मिसळत नाही, ते खाली साचून गंज आणतं. शिवाय डॉट ४ मध्ये ते मिसळता येत नाही. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत डॉट ४ च भरावं आणि दर दोन वर्षांनी बदलावं, असं माझं ठाम मत आहे.

अशीच निळी नळी फोक्सवॅगनच्या बीटलमध्येही असते, आणि बीटल आपल्याकडे अनेकांनी जिवापाड जपल्या आहेत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर ऑइलची मुदत चुकवूच नका. जुनी गाडी घेताना नळ्या आणि होज कधी बदलले, हे विकणाऱ्याला विचारा. नीट उत्तर मिळालं नाही, तर सगळे नवे बसवा आणि मगच गाडी घाटात उतरवा.