नव्या वहीबरोबर नवे पुस्तकही घ्या

दसरा जवळ आला की वसमतच्या मोंढ्यात लाल कापडाच्या वह्यांची विक्री सुरू होते. हळदीची मोठी आवक उन्हाळ्यातच आटोपलेली असते. सोयाबीन अजून रानात असते. आडत्याला, हमालाला, मापाड्याला दोन घटका बसायला सवड मिळते ती या दिवसांत. मराठी प्रकाशकांचाही हाच हंगाम. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचनाची सुगी शरदातच येत आली आहे. कथा-कादंबऱ्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतीलच, त्यांची चिंता आम्हाला नाही. या पानाचे वाचक व्यापारी आणि कारागीर आहेत. त्यांच्या गल्ल्याशी आणि हत्याराशी ज्यांचा संबंध आहे, अशा माहितीच्या पुस्तकांपुरतेच आम्ही बोलणार आहोत. येणारी कोणती, त्यांतली घ्यावीत कोणती, आणि यायला हवे असूनही कोणी लिहायला न बसलेले कोणते, एवढाच प्रश्न आहे.

पहिला मान आयकराच्या पुस्तकांना द्यावा लागेल. हौसेने नव्हे, नाइलाजाने. १९६१ चा आयकर कायदा जाऊन त्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आला आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ हा दिवस ठरला. जुन्या कायद्यात भर पडत पडत कलमांची संख्या आठशेच्या वर गेली होती, नव्यात ती ५३६ आहे. ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ हा घोळ जाऊन एकच ‘कर वर्ष’ आले. ऐकायला सोपे वाटते. पण आपल्या व्यापाऱ्यांना जी चार-दोन कलमे तोंडपाठ होती, त्यांचे आकडेच बदलले आहेत. लहान व्यापाऱ्याला उलाढालीच्या ठराविक टक्क्यांवर नफा दाखवण्याची मुभा देणारे ‘चव्वेचाळीस एडी’ आता कलम ५८ मध्ये गेले. पगार सोडून इतर रकमांवरच्या कर-कपातीची वेगवेगळी कलमे एकट्या ३९३ मध्ये गोळा झाली. उद्या नोटीस आली तर तिच्यावर हे नवे आकडे असतील, आणि घरातले जुने मार्गदर्शक पुस्तक उघडून काही सापडणार नाही.

म्हणून या हंगामात नव्या कायद्यावरची सोपी मराठी पुस्तके येतील, त्यांची आम्ही वाट पाहत आहोत. ती विकत घेताना वाचक बंधूंनी एक खूण पाहावी. अठ्ठावन्नाव्या कलमाचे पान उघडावे. कमिशन, दलाली किंवा एजन्सीचा धंदा करणाऱ्याला ही टक्केवारीची सवलत मिळत नाही, हे तिथे स्पष्ट लिहिले आहे का ते पाहावे. मोंढ्यातला आडती हा कमिशनवर चालणारा माणूस आहे. शेतकऱ्याचा माल दुसऱ्याला विकून देतो तेव्हा तो एजंट असतो, स्वतः माल भरून ठेवतो तेव्हा व्यापारी. एकाच गादीवर दोन धंदे चालतात आणि पुष्कळांच्या वहीत ते एकाच खात्यात लिहिले जातात. ज्या पुस्तकाने हा फरक सांगितला नाही, ते सुंदर वेष्टनाचे असले तरी आपल्या कामाचे नाही. मात्र जुनी पुस्तके लगेच रद्दीत घालू नयेत. मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचा हिशेब जुन्या कायद्यानेच पाहिला जाणार आहे.

जीएसटीचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालावरून उठले आणि मुख्यतः ५ आणि १८ उरले. त्याआधी छापलेली दरांची पुस्तिका कोणी अर्ध्या किमतीत देऊ लागला तर ती महागच पडेल. हळदीपुरते सांगायचे तर ओल्या हळदीवर कर नाही, वाळलेलीवर ५ टक्के आहे.

आता शेतीमालाकडे वळू. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा रब्बी मेळावा दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी भरतो. विद्यापीठाच्या दैनंदिन्या, पुस्तिका, घडीपत्रिका तिथे मिळतात. ही शेतकऱ्यांसाठी आहेत, आपल्याला काय करायचे, असे व्यापारी म्हणतात. आमचे मत उलट आहे. हळकुंड किती वेळ शिजवले, कशावर वाळवले, ओल किती राहिली, यावर गोदामातल्या पोत्याचे नशीब ठरते. हे ज्ञान शेतकऱ्याला पुस्तकातून आणि व्यापाऱ्याला तोट्यातून मिळावे, यात शहाणपण कोणते?

२०२३ च्या पावसाळ्यात हळदीचा भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेला, तो आमच्या वाचकांना विसरता येणार नाही. काहींनी कमावले, काहींनी ऐन वेळी माल काढून टाकला. लागवड किती घटली, पाऊस कुठे लांबला, वायद्यात काय चालले आहे, हे वाचणारे थोडे होते. बाकीचे चहाच्या टपरीवरच्या बातमीवर सौदे करत होते. हळदीच्या बाजाराचे चढउतार समजावणारे एक साधे मराठी पुस्तक आमच्या मोंढ्यात हातोहात खपेल, असे आम्ही प्रकाशकांना खात्रीने सांगतो. वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रासाठी २०२२ च्या राज्य अर्थसंकल्पात शंभर कोटींची घोषणा झाली. अशा केंद्राकडून शेतकऱ्यांबरोबर आडती, पॉलिशवाले आणि दळणारे यांच्यासाठीही स्वस्त पुस्तिकांची मालिका निघावी, ही अपेक्षा वावगी नाही.

लिहिलेल्या शब्दाची किंमत काय, हे तर वसमतने स्वतः पाहिले आहे. २०२४ साली ‘वसमत हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. असे मानांकन मागताना माल चांगला आहे एवढे म्हणून भागत नाही. तो याच भागाचा आहे, इथे तो अमुक पद्धतीने होत आला आहे, याचा लेखी पुरावा अर्जासोबत द्यावा लागतो. म्हणजे कोणीतरी, कधीतरी, कागदावर लिहून ठेवलेले कामी आले. मानांकन मिळाले म्हणून ते नाव कोणीही पोत्यावर छापू शकतो असेही नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ही नोंद कशी करायची हे सांगणारी चार पानी पुस्तिका बाजार समितीने काढली तर तिच्यासाठी आम्ही या पानावर आनंदाने जागा देऊ.

कारागीर बंधूंसाठी बातमी निम्मी गोड आहे. आयटीआयच्या धंद्यांची पाठ्यपुस्तके चेन्नईची केंद्रीय संस्था ‘निमी’ तयार करते. फिटर, वायरमन, मोटार मेकॅनिक यांची पुस्तके गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या पोराच्या हातात द्यावीत. उस्ताद हाताने शिकवतो, कारण सांगत नाही, ते कारण पुस्तकात सापडते. पण पिंजाऱ्याचे काय? कलईवाल्याचे काय? १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. शिंपी आहे, लोहार आहे, गवंडी आहे, कुलूप करणारा आहे. त्यांना पंधरा हजारांपर्यंतची हत्यारे आणि पाच टक्के व्याजाने आधी एक, मग दोन लाखांपर्यंत कर्ज मिळण्याची सोय आहे. (व्याजाच्या मसल्याबाबत ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे.) त्या अठरांत पिंजारी नाही, कलईवाला नाही, बांगडीवाला मणियार नाही. यादी करणाऱ्यांनी मुद्दाम वगळले, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या धंद्यावर ना पुस्तक ना टिपण, तो यादी करणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचणार कसा?

इथे आम्हाला जुनी गोष्ट आठवते. वसमत निजामाच्या राज्यात होते तेव्हा, १९१७ साली, हैदराबादला दारुत्तर्जुमा स्थापन झाले. उस्मानिया विद्यापीठात सारे विषय उर्दूतून शिकवायचे म्हणून कायदा, अर्थशास्त्र, विज्ञान यांची पुस्तके तिथे उर्दूत उतरवली गेली. त्या खात्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. त्यांच्याच अंजुमन तरक्की-ए-उर्दूने, जिचे कार्यालय बरीच वर्षे आपल्या मराठवाड्यात औरंगाबादला होते, पुढे दिल्लीहून ‘फरहंग-ए-इस्तिलाहात-ए-पेशावराँ’ हा कोश काढला. मौलवी जफरुर्रहमान देहलवी यांनी आठ भागांत कारागिरांचे शब्द गोळा केले. विणकर, सुतार, लोहार जे शब्द बोलतात, ते त्यांच्याकडून ऐकून लिहिले. विद्वानांना त्यात कमीपणा वाटला नाही.

मराठीतही हे रक्त आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ चे. महसूल खात्यातल्या माणसाने बलुतेदार, सावकार, बाजार, सारे पाहून लिहिलेले. आजही ते कंटाळा न येता वाचता येते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्यानंतर आपल्या लोकांच्या कविता आल्या, कथा आल्या, आत्मकथने आली. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण कवितासंग्रह काढणारे शंभर आणि तिजारतीवर एक प्रकरण लिहिणारा शोधावा लागतो, ही अवस्था बरी नाही. कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. ज्यांना लिहून ठेवण्याचा हुकूम इतक्या विस्ताराने आला, त्यांच्या धंद्याचे पुस्तक मराठीत दुसऱ्या कोणी येऊन लिहावे काय?

साहित्य घरोघर पडले आहे. मोंढ्यात कांडीचा भाव वेगळा, गट्टूचा वेगळा. पिंजाऱ्याची धनुकली आणि तिची तात, कलईवाल्याचे कथील आणि नवसागर, अत्ताराची मापे, हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ते लोक आज साठी-सत्तरीचे आहेत. गाद्या कारखान्यातून येऊ लागल्या, भांडी स्टीलची झाली, मुले दुसऱ्या कामाला लागली. १९४८ पूर्वीच्या उर्दूतल्या वह्या कुणाच्या माळ्यावर असतील तर नातवांना त्या वाचता येत नाहीत, आणि एक दिवस त्या किलोवर जातात.

तेव्हा येत्या शरदात आमच्याकडून एक काम. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी त्या कोरड्या जागी, कापडात बांधून ठेवाव्यात. पान फाडून पाठवू नये, झेरॉक्स पुरे. परभणीच्या मेळाव्याला जाणाऱ्यांनी हळदीवरच्या पुस्तिकेची एकेक प्रत वसमतच्या सार्वजनिक वाचनालयासाठीही आणावी. हिवाळ्यात जिल्ह्याचा ग्रंथोत्सव भरेल तेव्हा प्रकाशकांच्या टेबलावर धंद्याचे पुस्तक नावानिशी मागावे. मागणी झाली की ते छापतात, तेही व्यापारीच आहेत. आणि ज्याला आपल्या धंद्याचे दहा शब्द अर्थासह लिहून देता येतील त्याने ते या पानाकडे पाठवावेत. शब्दापुढे गाव आणि धंदा लिहावा, लिपी उर्दू असली तरी चालेल. पिंजारी आणि कलईवाल्यांच्या याद्या आम्ही आधी छापू.